नाव घ्या, दिवा लागेल

“अगं, बटण शोधू नकोस. आता बटणं नाहीत.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भिंत चाचपत होते. साताऱ्याला भावाकडे जाऊन नुकतीच घरी पोचले होते. दिवेलागण झालेली, हातांत पिशव्या, आणि जिथे इतकी वर्षं बटणांची पाटी होती तिथे बोटांना नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक लागत होतं.

“नाहीत म्हणजे? चोरीला गेली?”

“काढून टाकली,” हे म्हणाले. अंधारात चेहरा दिसत नव्हता, पण आवाजावरून कळत होतं की स्वारी भलतीच खुशीत आहे. “आता नुसतं बोलायचं. घर ऐकतं.”

“घर ऐकतं? इथे माणसं ऐकत नाहीत!”

“थांब, दाखवतोच.” यांनी घसा खाकरला आणि स्वतःचंच नाव घेतलं. मोठ्यानं, स्पष्ट, शाळेत हजेरी घेतात तसं.

फ्रिजच्या वरून यांच्याच आवाजात उत्तर आलं, “आलो!”

“दिवा लाव,” हे म्हणाले, आणि स्वयंपाकघर लख्ख उजळलं.

मी पिशव्या टाकून किंचाळले. का नाही किंचाळणार? एक हे माझ्यासमोर तोंड मिटून उभे, आणि दुसरे हे फ्रिजवर बसून “आलो” म्हणतायत! बघते तर तिथे डब्याएवढा काळा ठोकळा होता आणि त्याच्या कपाळावर निळा ठिपका चमकत होता.

“आवाज माझाच भरलाय,” हे अभिमानानं म्हणाले.

“ते कळलं. पण हे खोटं आहे. लग्न झाल्यापासून मी हाक मारली आणि तुम्ही लगेच ‘आलो’ म्हणालात, असं एकदा तरी झालंय का?”

हे हसले. यांना तेव्हा काहीही म्हटलं असतं तरी हसलेच असते. नवीन यंत्र घरात आलं की यांचं असंच होतं.

आमचे हे फलटणला दूध संघात इंजिनिअर होते. यंत्रांचं वेड पहिल्यापासूनच. आळीत पहिला रंगीत टीव्ही आमचा, पहिला कॉम्प्युटर आमचा, आणि पहिला बिघडलेला कॉम्प्युटरही आमचाच. नवीन वस्तू आली की हे आधी आंघोळ करतात. खरंच सांगते. मग सतरंजीवर बसून खोकं समोर घेतात. चिकटपट्टी फाडायची नाही, सुरीनं अलगद कापायची. आतली पिशवी फेकायची नाही, घडी घालायची. आणि काचेवरचा तो पातळ पापुद्रा सोलताना यांचा चेहरा असा काही फुलतो, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तसा फुलला नव्हता. मी समोरच होते, मी पाहिलंय. माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. चिनी भाषेतली पानंसुद्धा हे उलटून बघतात. फोनवर काही ‘अपडेट’ आलं की सण असल्यासारखे पहाटेच उठून बसतात. मी कावते, माळ्यावर खोक्यांनी जागा अडवलीय म्हणून ओरडते. पण एक सांगू? या वयात इतक्या आनंदानं खोकं उघडणारा माणूस घरात असावा लागतो. नाहीतर घर नुसतं गोळ्यांच्या वेळांवर चालतं.

तर त्या ठोकळ्याचं सॉफ्टवेअर यांनी कुठूनसं फुकट उतरवून घेतलं होतं आणि महिनाभर खपून त्याला मराठी शिकवलं होतं. त्याला दोनच आवाज कळत, यांचा आणि माझा. माझा आवाज त्याला ऐकवायला म्हणून यांनी मागे एकदा माझ्याकडून करंज्यांची कृती मोठ्यानं वाचून घेतली होती. मला वाटलं, खायची इच्छा झाली असेल. मी बिचारी करंज्याही करून मोकळी झाले.

“ते ‘आलो’ ठीक आहे,” मी जेवताना म्हटलं, “पण हाक मारायला त्याला दुसरं काहीतरी नाव ठेवा. मोत्या ठेवा.”

“मोत्या शेजारच्या शिर्क्यांचा कुत्रा आहे. तू ‘मोत्या, दिवा लाव’ म्हटलंस की दिव्याआधी तोच धावत येईल. नाव कसं पाहिजे, घरात एरवी कुणी म्हणजे कुणीच उच्चारत नाही असं. म्हणजे यंत्र चुकून जागं होत नाही. मी पुष्कळ शोधलं. तसं आपल्या घरात एकच नाव सापडलं.”

“मी घेणार नाही.”

“मग अंधारात बस.”

“बसेन.”

“संक्रांतीच्या आत घेशील. लाव पैज.”

“मेले तरी घेणार नाही!”

तुम्हाला वाटेल, काय बाई आहे, कुठल्या काळात राहते. मी बी.ए. झालेली आहे. शाळेत भूगोल शिकवलाय. ग्रहणात जेवते, मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालते. पण लग्न होऊन घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी जवळ बसवून सांगितलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. तेव्हा मी मनात हसले होते. मग सवय झाली. मग जीभच वळेना. लिहायला हरकत नाही, तोंडानं म्हणायचं नाही. मुलांच्या शाळेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे मी लिहूनच दाखवलं.

त्यात त्याच वर्षी उन्हाळ्यात यांच्या छातीत कळ आली. हृदयाच्या नळीत जाळी बसवली. दवाखान्यात नर्सनं विचारलं, “पेशंटचं नाव?” मी तिच्याकडून पेन घेतलं आणि तळहातावर लिहून दाखवलं. ती म्हणाली, “मावशी, बोलता येत नाही का?” म्हटलं, येतं बाई, भरपूर येतं, पण एवढं विचारू नकोस. इतकी वर्षं पाळलं, आणि आता डॉक्टर “जपा” म्हणत असताना दिव्याच्या बटणापायी मोडू? हसायचं तर हसा. मला भीती वाटत होती.

पहिले काही दिवस मी “अहो, त्याला सांगा ना मिक्सर लावायला,” असं म्हणून निभावलं. हेही आनंदानं सांगायचे. पण हे बाजारात गेले की माझी पंचाईत. एकदा मिक्सरमध्ये खोबरं तसंच, गिझर थंड, आणि ठोकळा आपला निळा ठिपका लावून मख्ख. मी तडक बाहेर गेले, मीटरची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली पाडला. म्हटलं, बस आता.

हे घरी आले तेव्हा ठोकळा सगळं शिकवलेलं विसरला होता. मराठीसकट. यांनी एका शब्दानंही मला बोल लावला नाही. नुसते त्याच्यापुढे बसून पुन्हा पहिल्यापासून “दिवा, पंखा, मोटर” म्हणत आणि माझ्या करंज्यांचं रेकॉर्डिंग त्याला ऐकवत राहिले. मग मीटरच्या पेटीला छानसं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या पँटच्या खिशात टाकली.

आणि अशात आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, बारामतीची. दर थंडीत राहायला येतात. त्या आल्या तेव्हा हे घरात नव्हते आणि मी यांच्याच खोक्यातली कपाळाला बांधायची बॅटरी लावून भाकरी थापत होते.

“शरयू,” आक्का दारातून म्हणाल्या, “खाणीत उतरलीस का गं?”

मी सगळं गाऱ्हाणं घातलं. आक्कांनी कंबरेवर हात ठेवून ठोकळ्याकडे पाहिलं आणि भावाचं नाव घेऊन त्याला ठणकावलं, “दिवा लाव!” ठोकळा ढिम्म. पुन्हा ठणकावलं. तो पुन्हा ढिम्म.

“त्याला तुमचा आवाज माहीत नाही, आक्का.”

“बाळला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि त्याचं हे बुजगावणं मला ओळखत नाही?” आक्का यांना अजून बाळच म्हणतात. थोडा वेळ त्या फुरंगटून बसल्या. मग त्यांच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं. “अगं, तू उखाण्यात घे की. उखाण्यात दोष नसतो. आपण सगळ्या घेतोच ना!”

मला इतका आनंद झाला की मी आक्कांना पिठाच्या हातानंच मिठी मारली. उखाणा! हळदीकुंकवाला, बारशाला, मुंजीला मी घेतच होते. मी ठोकळ्यासमोर पदर सावरून उभी राहिले. नाव मी आत्ता सांगत नाही, तुम्ही अमुकराव समजा.

“वांग्याच्या भाजीला दाण्याचं कूट, अमुकरावांनी केली माझ्या बटणांची लूट! दिवा लाव.”

“आलो!” ठोकळा म्हणाला, आणि दिवा लागला. आक्कांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आमच्या घरात रोजच हळदीकुंकू. गिझरला, “थंडीच्या दिवसांत ऊबदार शाल, अमुकरावांपायी झाले माझे हाल!” पंख्याला, “केळीच्या पानावर केशरी भात, अमुकरावांच्या नोकराला ना पाय ना हात!” मिक्सरला वेगळा, इस्त्रीला वेगळा. एकच पुन्हा म्हणायला मला कमीपणा वाटायचा. शिर्केवहिनी भाजी निवडायच्या निमित्तानं आमच्या खिडकीशी येऊन बसायला लागल्या. त्यांचं म्हणणं, टीव्हीपेक्षा बरं.

पहिल्या दिवशी हे घरी आले ते उखाणा ऐकून दारातच थबकले. मला वाटलं, चिडतील, हरले म्हणून. पण हे डोळे मिटून उभे राहिले. ठोकळा नीट ऐकतोय की नाही ते तपासत असतील, असं मला वाटलं.

“चालतंय,” मग हे म्हणाले, “पण ते ‘राव’ नको. राव लावलं की त्याला ओळखायला वेळ लागतो. नुसतं नाव घे.”

“राव राहणार. मिळतंय त्यात समाधान माना.”

“बरं,” हे म्हणाले आणि का कोण जाणे, जरा पडलेल्या चेहऱ्यानं आत गेले.

संक्रांत जवळ आली. उखाण्यातलं नाव पैजेत धरत नाहीत, तेव्हा मी पैज जिंकत आले होते. त्या सकाळी हे गच्चीवर सिमेंटच्या टाकीत उतरले होते. टाकी चांगली पुरुषभर उंच. ती धुऊन कोरडी केली होती आणि पाणी किती आहे ते ठोकळ्याला कळवणारं एक नवं यंत्र हे आतून बसवत होते. खोकं सकाळीच आलं होतं. आंघोळ करून उघडलं होतं, हे सांगायला नकोच. खाली मी तीळ भाजत होते आणि आक्का गूळ चिरत होत्या.

एकदम ठोकळा स्वतःहूनच बोलला. यांच्या आवाजात, अगदी शांतपणे. “टाकी रिकामी आहे. मोटर लावतो.”

अंगणातली मोटर घुर्रर्र करून सुरू झाली.

“बाळ आला वाटतं खाली,” बऱ्याच वेळानं, अर्धा गूळ चिरून झाल्यावर आक्का म्हणाल्या.

“नाही हो, ते यंत्र बोललं.”

“मग बाळ कुठाय?”

“टाकीत.”

दोघींच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. मग मी झारा टाकला आणि जिना चढायला लागले.

टाकीच्या तोंडातून वाकून पाहिलं तर हे कंबरेपर्यंत पाण्यात. वरून नळाची धार, म्हणजे धार कसली, मोठा लोटच यांच्या खांद्यावर आदळत होता. बांबूची शिडी घसरून पाण्यात आडवी झालेली. आणि यांचे दोन्ही हात वर. हातांत ते नवं यंत्र, भिजू नये म्हणून उचलून धरलेलं.

“शरयू!” मला बघून हे ओरडले. टाकीत आवाज घुमत होता. “चाललं! बघ, चाललं! पन्नास टक्के दाखवतंय! अगदी बिनचूक!”

“मेलं तुमचं यंत्र! बाहेर या आधी!”

“शिडी घसरली.”

“मग मोटर बंद करा!”

“फोन खाली चार्जिंगला लावलाय. आणि ठोकळ्याला इथून ऐकू जात नाही, मी दोनदा हाक मारून पाहिली.”

“मीटरची किल्ली टाका वर!”

यांनी एका हातानं यंत्र तसंच धरून दुसऱ्या हातानं खिसा चाचपला. किल्ली काढली आणि फेकली. ती टाकीच्या छताला आपटली, टण्ण वाजली, आणि पाण्यात गेली.

“घाबरू नकोस,” हे म्हणाले. ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते, तरी मला समजावत होते. “टाकी भरली की मोटर आपोआप बंद होते. तशी सोय केलीय मी.”

“भरली की? अहो, तुम्ही आत आहात! तुम्हाला पोहता येतं का?”

यांनी खाली पाण्याकडे पाहिलं, मग वर टाकीच्या तोंडाकडे. “खरंच की,” म्हणाले, “ते मी हिशेबात धरलं नव्हतं.”

मग यांचा एक हात खाली आला आणि छातीवर गेला. तसाच तिथे राहिला. चेहरा बदलला नव्हता, अजून माझ्याकडे बघून हसत होते, पण तो हात मी पाहिला. उन्हाळ्यात कळ आली होती तेव्हा तो हात असाच गेला होता.

जिना मी कशी उतरले मला आठवत नाही. वाटेत शिर्क्यांच्या घराच्या दिशेनं “शिडी आणा, शिडी!” एवढं ओरडले. स्वयंपाकघरात तीळ जळून धूर झालेला. आक्का ठोकळ्यापुढे उभ्या राहून भावाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लावून त्याला शिव्या घालत होत्या. ठोकळा आपला मख्ख.

“शरयू, उखाणा घे! लवकर!”

मी तोंड उघडलं. रोज डझनांनी उखाणे करणारी मी, पण एक ओळ सुचेना. “टाकीत पाणी,” मी म्हटलं, “टाकीत पाणी… पाण्यात…” पाण्यात काय? पाण्यात हे! मला रडू फुटलं.

“रुखवतात ठेवला,” आक्कांनी सुरुवात करून दिली, “रुखवतात ठेवला सोन्याचा…”

“आक्का, रुखवत कसला!”

“मग महादेवाच्या पिंडीला…”

“आक्का!”

मोटर घुरघुरतच होती. आक्कांनी हातातली सुरी खाली ठेवली. त्या एकदम लहान आवाजात म्हणाल्या, “अगं, घे गं नाव. नुसतं घे. मी सांगते, घे.”

मला सासूबाई दिसल्या. दवाखाना दिसला. तळहातावरची अक्षरं दिसली. आणि छातीवरचा तो हात दिसला. मी डोळे घट्ट मिटले आणि पोटातून, बेंबीच्या देठापासून ओरडले,

“मुकुंद! मोटर बंद!”

“आलो!” ठोकळा म्हणाला.

आणि मोटर थांबली. इतकं शांत झालं की बाहेर मोत्यासुद्धा भुंकायचा थांबला. मी जळक्या तिळांखालचा गॅस बंद केला.

शिर्केभाऊजींनी शिडी लावून यांना बाहेर काढलं. पाणी गळ्याच्या जरा खाली होतं. डॉक्टर येऊन तपासून गेले. हृदय ठणठणीत, नुसता गारठा बसलाय म्हणाले. यांना घोंगडीत गुंडाळून हॉलमध्ये बसवलं, आल्याचा चहा दिला. ते यंत्र यांनी शेजारीच टॉवेलवर ठेवलं होतं आणि त्यालाही पुसत होते. छातीवर हात का ठेवला विचारलं तर म्हणे, खिशात चष्मा होता, तो धरला होता. कपाळाला हात मारावा, नाही तर काय!

पण माझी हुरहूर जाईना. मी आक्कांजवळ जाऊन बसले. “आक्का, मी घेतलं हो नाव. नुसतं. राव पण नाही लावलं. आता काही…”

आक्कांनी गूळ चिरता चिरता विचार केला. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी मान वर केली.

“मुकुंद, मोटर बंद,” त्या म्हणाल्या. “अगं, यमक जुळलंय की! उखाणाच झाला तो. काही दोष नाही.” आणि पुन्हा गूळ चिरायला लागल्या. त्या एका वाक्यानं माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाईंच्या माघारी या विषयातला शेवटचा शब्द आक्कांचाच.

मी चहाचा दुसरा कप घेऊन हॉलमध्ये गेले. यांनी कप घेतला आणि शेजारचं यंत्र जरा लांब सरकवलं.

“पुन्हा एकदा म्हण,” हे हळूच म्हणाले.

“आता कशाला? मोटर बंद आहे.”

“मोटरसाठी नाही.”

मला काही कळेना. हे खाली कपात बघत बोलायला लागले. इतकं सलग हे यंत्राव्यतिरिक्त कधी कशावर बोललेले मला आठवत नाहीत.

“टाकीत ऐकू आली तुझी हाक. मला क्षणभर वाटलं, आईच. ती तशीच ओरडायची, अंगणातून. ती गेली आणि त्यानंतर माझं नाव कुणी घेतलंच नाही बघ. कामावर रणदिवे साहेब. मुलांचा मी बाबा. आक्काचा बाळ. तुझा अहो. मग निवृत्त झालो, साहेबही गेलं. दवाखान्यात मी गुंगीत होतो ना, तेव्हा ती नर्स ‘मुकुंद, मुकुंद’ म्हणून हाका मारत होती. मला कळेचना की ती मलाच बोलावतेय. मी वाट बघत होतो, तो मुकुंद ओ का देत नाही म्हणून.” हे जरासं हसले. “मग म्हटलं, घरात कुणीतरी ते नाव वापरायला पाहिजे. गंजेल नाहीतर.”

मी दारातून स्वयंपाकघरातल्या ठोकळ्याकडे पाहिलं. घरात कुणी म्हणजे कुणीच उच्चारत नाही असं एकच नाव सापडलं, असं हे म्हणाले होते. मी ते ऐकून भांडले होते. माझे डोळे भरून आले.

“मग सरळ सांगायचं होतंत की, नाव घे म्हणून!”

“सांगितलं असतं तर घेतलं असतंस?”

“नसतं घेतलं,” मी खरं ते सांगितलं.

“म्हणून यंत्र आणावं लागलं.” हे चहा प्यायले, कप खाली ठेवला. “आणि पैज मी जिंकलो. संक्रांतीला अजून अवकाश आहे.”

त्याला आता खूप वर्षं झाली. आक्का गेल्या. ठोकळाही एका पावसाळ्यात आपोआपच बंद पडला. यांनी तो सतरंजीवर उघडून त्याचे सगळे भाग पसरले, तीन दिवस मजेत घालवले, आणि तो काही पुन्हा जुळला नाही. भिंतीवर बटणं परत आली. यांच्या कानांना आता कमी ऐकू येतं, पण त्याचंही यांना दुःख नाही, कारण त्या निमित्तानं कानात घालायचं नवं यंत्र आलं. ते फोनला जोडता येतं. त्याचं खोकं माळ्यावर आहे.

बटण माझ्या हाताशीच आहे, दारातून आत गेलं की लगेच. पण दिवेलागणीला मी ते दाबत नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि हॉलच्या दिशेनं म्हणते,

“मुकुंद, दिवा लाव.”

खुर्ची करकरते. गुडघ्यांवर हात टेकून उठल्याचा आवाज येतो, चपला ओढत ओढत यायला लागतात.

“आलो,” हे म्हणतात.